नाकतोडेपालनाचा तयार संच: पिंजरा उत्तम, अंड्यांचे डबे कुचकामी

टोळ आणि नाकतोडे पाळायला मिळणाऱ्या तयार संचांपैकी हा सगळ्यात जास्त दिसणारा नमुना. खोक्यात 40 × 40 × 60 सेंटिमीटरचा, ॲल्युमिनियमच्या सांगाड्याचा जाळीदार पिंजरा असतो. पुढे पारदर्शक ॲक्रिलिकचं सरकतं दार, आत 40 वॉटचा तापणारा बल्ब, तापमान आणि आर्द्रता दाखवणारा एक छोटा मीटर, पाण्यासाठी स्पंज घातलेली वाटी, अंडी घालण्यासाठी प्लास्टिकचे दोन डबे, कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुशाची) एक वीट आणि लोकस्टा मायग्रेटोरिया, म्हणजे स्थलांतरित टोळ, या जातीचे चार अंडीपुंज. सोबत आठ पानी माहितीपत्रक.

निकाल आधीच सांगतो. पिल्लांपासून प्रौढ टोळ तयार करायचे असतील तर या पिंजऱ्यात फारसं काही बिघडत नाही. पण त्या प्रौढांपासून पुढची पिढी हवी असेल, तर खोक्यात जे दिलंय तेवढ्यावर ती मिळणं कठीण आहे. आणि खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलंय ते मात्र ‘संपूर्ण जीवनचक्र’. सगळी अडचण त्या दोन डब्यांत आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करावी लागेल.

टोळाची मादी अंडी जमिनीच्या पृष्ठभागावर टाकत नाही, जमिनीत खोल पुरते. पोटाच्या टोकाला चार कडक, आकडेदार पाकळ्या असतात. त्या उघडत-मिटत ती वाळू बाजूला सारते आणि पोट आत आत ढकलत नेते. पोटाच्या खंडांमधल्या मऊ पडद्यांना इतका ताण बसतो की पोट नेहमीच्या लांबीच्या दुपटीहून जास्त लांब होतं. तळाशी पोचली की अंडी आणि फेस एकदमच सोडत ती मागे येते. अंड्यांवर उरलेली पोकळी फेसाने भरून टाकते आणि शेवटी मागच्या पायांनी वर वाळू ओढते. हे सगळं नीट व्हायला सलग 10 सेंटिमीटर खोली हवी. संचातले डबे आहेत 6 सेंटिमीटरचे.

मग होतं ते असं. मादी खणायला बसते, टोक तळाला टेकतं, ती पोट बाहेर काढते. दोन बोटं सरकून पुन्हा प्रयत्न करते, पुन्हा सोडते. डब्यात पाच-सहा रिकामी भोकं दिसतात आणि पुंज एकही नसतो. शेवटी अंडी रोखून धरणं अशक्य झालं की ती पिंजऱ्याच्या तळावर, विष्ठेतच पडतात. उघड्यावरची अंडी काही तासांत सुकतात, नाहीतर इतर टोळ खातात. माहितीपत्रकात याचं कारण ‘मादीवर ताण’ असं दिलंय आणि उपाय म्हणून पिंजरा झाकून ठेवायला सांगितलंय. पिंजरा झाकून डब्याची खोली वाढत नाही.

उपाय सोपा आहे. अर्धा लिटरची, किमान 10 सेंटिमीटर खोल, रुंद तोंडाची पारदर्शक बरणी घ्यायची. खारट नसलेली बारीक वाळू पाणी नितळ येईपर्यंत धुवायची आणि ओव्हनमध्ये पातळ थरात पसरून 120 अंशांना तासभर तापवायची. थंड झाल्यावर 100 मिलि वाळूला 15 मिलि पाणी या हिशेबाने कालवायची, म्हणजे एका बरणीला 75 मिलि. मुठीत दाबली तर गोळा टिकला पाहिजे, पण बोटांमधून पाणी निथळता कामा नये. बरणी काठोकाठ भरून हलक्या हाताने दाबायची. काठ वर आणि वाळू खाली राहिली तर बऱ्याच माद्या आत उतरतच नाहीत. बरणीचा काठ पिंजऱ्याच्या तळाशी समपातळीत आला तर फारच छान. त्यासाठी तळाला भोक असलेला दुसरा, उंचावरचा तळ लागतो. टोळपालनाच्या प्रयोगशाळांमध्ये जुन्या काळापासून असाच भोकांचा खोटा तळ वापरतात. बरण्या त्यात खालून बसतात आणि विष्ठाही भोकांतून खाली गळते. या संचात तो नाही. नुसता तोच दिला असता तरी हा संच वेगळ्या पातळीवर गेला असता.

कोकोपीटबद्दल मत मवाळ आहे. त्यात अंडी घातलीच जात नाहीत असं नाही, आणि वाळूत एक चतुर्थांश मिसळलं तर ओल जास्त टिकते. पण नुसत्या कोकोपीटमध्ये ओल किती आहे हे हाताला नीट कळत नाही. ते जास्त पाणी धरतं, बुरशी पकडतं आणि बारीक काळ्या माश्यांना आमंत्रण देतं. नवख्याने वाळूच घ्यावी. बाहेरची माती मात्र मुळीच नको, अगदी स्वच्छ दिसली तरी. अंडीपुंज पोखरणाऱ्या स्केलिओ जातीच्या चिमुकल्या गांधीलमाश्यांपासून सूत्रकृमींपर्यंत (धाग्यासारख्या परजीवी कृमींपर्यंत) काहीही तिच्यासोबत घरात येतं.

पिंजऱ्यात एका वेळी दोन बरण्या ठेवून दर दोन-तीन दिवसांनी बदलाव्यात. जास्त दिवस ठेवल्या तर दुसरी मादी त्याच जागी खणते आणि आधीचा पुंज फोडते. काढलेल्या बरणीवर तारीख लिहायची, सैल झाकण ठेवायचं आणि 30 ते 32 अंशांत ठेवून द्यायचं. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. टोळाचं अंडं घातलं जातं तेव्हा त्यात पुरेसं पाणी नसतं. वाढीच्या पहिल्या टप्प्यात ते भोवतालच्या वाळूतून जवळजवळ स्वतःच्या वजनाइतकं पाणी शोषून फुगतं. वाळू सुकली तर गर्भ अर्ध्यावर थांबतो. वाळू चिखल झाली तर हवा न मिळाल्याने अंडं काळं पडतं. म्हणून बरणीचं पहिल्या दिवशी वजन करून ते झाकणावर लिहून ठेवावं. चार दिवसांनी वजन 12 ग्रॅमने घटलं असेल तर 12 मिलि पाणी कडेकडेने सोडायचं. अंदाजाने रोज फवारा मारण्यापेक्षा हे कितीतरी भरवशाचं. रोजच्या फवाऱ्याचा सल्ला या माहितीपत्रकात आहे. त्याने वरचा थर ओला आणि खालचा कोरडा राहतो, आणि अंडी तर खाली असतात.

‘अंडी दहा दिवसांत फुटतात’ हे माहितीपत्रकातलं वाक्य 33 अंशांच्या आसपास खरं आहे. 30 अंशांना बारा ते चौदा दिवस धरावेत. 25 अंशांच्या जवळपास तीन आठवडे किंवा त्याहून जास्त लागतात. घरातल्या साध्या कपाटात बरणी ठेवून अकराव्या दिवशी ‘अंडी मेली’ म्हणून फेकून देणं ही चूक सर्रास होते आणि तिचा दोष या एका वाक्याकडे जातो. शंका आलीच तर पुंजाच्या कडेचं एक अंडं काढून पाहावं. जिवंत अंडं टणक, फुगलेलं, पिवळट-तपकिरी असतं आणि वाढ निम्म्यावर गेली की टोकाजवळ डोळ्याचा गडद ठिपका दिसतो. मेलेलं अंडं पिचकतं किंवा काळं पडतं.

संचासोबतचे चार पुंज मात्र चांगल्या स्थितीत येतात. ओलसर वाळूच्या नळीत, फेसाचा भाग वर ठेवून भरलेले असतात आणि नळीवर ‘वर’ अशी खूण आहे. ही काळजी कौतुकास्पद आहे, कारण पुंज उलटा पुरला तर पिल्लांचा मार्गच बंद होतो. अंड्यातून बाहेर येतो तो पांढुरका, किड्यासारखा जीव असतो. पाय अंगाशी चिकटलेले आणि सगळं अंग एका पातळ आवरणात गुंडाळलेलं. मानेमागची पिशवी फुगवत-आकसत तो फेसाच्या स्तंभातून वर सरकतो. फेस त्याच्यासाठी मऊ बोगदाच असतो. पृष्ठभागावर आल्याबरोबर तो आवरण टाकतो आणि काही मिनिटांत पाय सुटे होऊन उडी मारायला लागतो. वाळूवर पांढऱ्या धाग्यासारखे बारीक तुकडे दिसले, तर ती टाकलेली आवरणं. बरणी लगेच पिंजऱ्यात न्यायची. एका पुंजातली अंडी बहुधा एकत्रच फुटतात, आणि स्थलांतरित टोळाच्या गर्दीत वाढलेल्या मादीच्या पुंजात ती साधारण 40 ते 60 असतात. झाकण लावलेल्या बरणीत एवढी पिल्लं राहिली की बरणीच्या आतल्या बाजूला पाणी जमतं आणि त्यात ती चिकटून मरतात.

आता पिंजरा. जाळी धातूची आहे, हा या संचाचा सर्वात मोठा गुण. स्वस्त पिंजऱ्यांना नायलॉनची जाळी असते आणि मोठे टोळ ती कुरतडून आरपार जातात. इथली भोकं साधारण एक मिलिमीटरची, त्यामुळे नुकती बाहेर पडलेली पिल्लंही अडतात. दाराच्या खालच्या खोबणीत मात्र डाव्या कोपऱ्यात फट राहते. पहिल्या अवस्थेतली, म्हणजे अजून पहिली कात न टाकलेली पिल्लं नेमकी तिथून निसटतात. स्पंजची पातळ पट्टी आतून न लावता बाहेरून दाबून बसवावी, आत लावली तर खातात.

60 सेंटिमीटर उंची का महत्त्वाची, हे कात टाकताना पाहिलं की कळतं. नाकतोड्यांना कोषावस्था नसते. पिल्लू म्हणजे बिनपंखी छोटा टोळच, आणि पाच वेळा कात टाकून ते प्रौढ होतं. कात टाकण्याआधी ते खाणं बंद करतं, उंच जागी चढतं आणि डोकं खाली करून लटकतं. पाठीवरची त्वचा उकलते, जीव गुरुत्वाकर्षणाच्या मदतीने खाली घसरत बाहेर येतो, मग वळून जुन्या कातीला धरतो. शेवटच्या वेळी चुरगळलेले पंख रक्तदाबाने भरून सरळ होतात. या वेळात खाली मोकळी जागा नसेल, किंवा शेजाऱ्याने धक्का दिला, तर पंख वाकडेच वाळतात आणि पुन्हा सरळ होत नाहीत. प्रौढ टोळाची लांबी 5-6 सेंटिमीटर धरली तर प्रत्येक लटकणाऱ्याखाली 12 ते 15 सेंटिमीटर मोकळी जागा हवी. पिंजऱ्याची उंची त्यासाठी भरपूर आहे, पण आत चढायला काहीच दिलेलं नाही आणि ॲक्रिलिकच्या दारावर पाय टिकत नाहीत. खरबरीत सालीच्या सात-आठ काटक्या तिरप्या, एकमेकींपासून हातभर नाही तरी चार बोटं दूर लावाव्यात. टाकलेल्या काती खाल्ल्या जातात, ते ठीक. पण कात टाकून मऊ पडलेलं पिल्लूही खाल्लं जातं, विशेषतः हिरवा चारा कमी असेल तेव्हा.

पिल्लांची अवस्था ओळखायला पाठीवर पाहावं. शेवटच्या दोन अवस्थांत पंखांच्या कळ्या उलटून पाठीवर येतात. त्या दिसू लागल्या की गर्दी कमी करायची आणि काटक्या मोकळ्या करायच्या. दिवसा 32 ते 35 अंश मिळाले तर पहिल्या अवस्थेपासून पंख फुटेपर्यंत चार ते पाच आठवडे लागतात. सुरुवातीच्या अवस्था पाच-सहा दिवसांच्या, शेवटची त्याहून लांब.

बल्बची ताकद पुरेशी आहे. वरच्या जागी ऊब, खालच्या कोपऱ्यात गारवा असा फरक तयार होतो आणि टोळ स्वतः हलून हवं ते तापमान निवडतात. हेच हवं. पण बल्बभोवती जाळीचं आवरण नाही, त्यामुळे थेट काचेवर बसणाऱ्यांच्या मिशा आणि पायांची टोकं भाजतात. धातूच्या जाळीची नळी करून बल्बभोवती लावावी. त्याच्या जागी एलईडी लावू नये, उजेड मिळेल पण ऊब मिळणार नाही. मीटर छताला चिकटवलेला येतो आणि तिथे तो बल्बचीच उष्णता मोजतो. तो काढून मधल्या उंचीवर, बल्बपासून लांबच्या भिंतीला लावावा. दिवसाला 14 तास उजेड, रात्री बल्ब बंद. रात्री तापमान 20 च्या खाली जात असेल तर अंधारात तापणारा सिरॅमिक हीटर वेगळा घ्यावा लागेल.

पाण्याची वाटी सरळ बाजूला ठेवा. टोळांना पाणी हिरव्या चाऱ्यातून मिळतं. ओला स्पंज पिंजऱ्यातली आर्द्रता वाढवतो, तळावरची विष्ठा आंबते आणि बुरशी येते. आर्द्रता 30 ते 50 टक्के ठीक. ती 70 च्या वर टिकू लागली की आजार ठरलेला. सतत फार कोरडी हवाही चांगली नाही, कात अंगाला चिकटून राहते. अशा वेळी फवारा मारण्यापेक्षा ताजा चारा दिवसातून दोनदा द्यावा.

चारा कोणता, हे जातीवर ठरतं. संचातली लोकस्टा जात गवतवर्गीय वनस्पतींवर जगते. ट्रेमध्ये उगवलेले, 10-12 सेंटिमीटर उंचीचे गव्हांकुर आणि वाटीत कोरडा गव्हाचा कोंडा एवढ्यावर सगळं आयुष्य निघतं. वाळवंटी टोळ, म्हणजे शिस्टोसर्का ग्रेगारिया, रुंद पानंही आवडीने खातो. चारा घरीच उगवावा यावर आम्ही ठाम आहोत. बाहेरच्या गवतावर कीटकनाशकाचा अंश असेल तर एका रात्रीत पिंजरा रिकामा होतो, आणि मर्मिस सूत्रकृमीची अंडी पानांवरूनच पोटात जातात. टोळ सुस्त होऊन मरतो आणि त्याच्या अंगातून बोटभर लांब पांढरा धागा बाहेर येतो. त्यावर इलाज नाही. टोळाच्या मालपिघी नलिकांत (उत्सर्जनाच्या नळ्यांत) वाढणारा मालअमिबा हा एकपेशीय परजीवी विष्ठेतून पसरतो, म्हणून तळ दिवसाआड झाडायचा आणि जुन्या पिढीच्या पिंजऱ्यात नवी पिल्लं सोडण्याआधी तो गरम पाण्याने धुवायचा. या पिंजऱ्याचे पत्रे स्क्रूने सुटे होतात, धुवायला सोपं जातं. हा मुद्दा निर्मात्यांनी नीट सांभाळलाय.

पंख फुटल्यावर लगेच अंडी मिळत नाहीत. आणखी दोन ते तीन आठवडे जातात. गर्दीत वाढलेले नर पिवळे धमक होऊ लागले की ते तयार झाले असं समजावं. नर-मादी ओळखायला पोटाचं टोक पाहावं: मादीला चार काळसर आकडे, नराचं टोक गुळगुळीत आणि होडीच्या नाळेसारखं वर वळलेलं. मीलन कित्येक तास चालतं आणि त्यानंतरही नर मादीच्या पाठीवर बसून राहतो. त्यांना सोडवायला जाऊ नये. मादी शुक्राणू साठवून ठेवते आणि सहा ते दहा दिवसांच्या अंतराने पुंज घालत राहते. नर नसतानाही पुंज पडतात, पण त्यातून फार थोडी पिल्लं निघतात आणि त्या सगळ्या माद्याच असतात. पुंज भरपूर आणि पिल्लं जेमतेम, असं झालं तर आधी नर मोजावेत, मग वाळू पाहावी.

एवढ्या पिंजऱ्यात 40 ते 50 प्रौढ पुरे. माहितीपत्रकातला 100 चा आकडा पहिल्या-दुसऱ्या अवस्थेतल्या पिल्लांसाठी चालेल. गर्दीमुळे पिल्लं काळी-नारिंगी होतात आणि विरळ ठेवली तर हिरवी किंवा मातकट राहतात. हा फरक इतका मोठा आहे की पूर्वी एकाच टोळाच्या या दोन रूपांना वेगळ्या जाती समजत असत. कीटकशास्त्रज्ञ बोरिस उवारोव यांनी 1921 मध्ये ती एकाच जातीची दोन रूपं असल्याचं मांडलं. माहितीपत्रक मात्र काळ्या पिल्लांना ‘आजारी’ ठरवून बाजूला काढायला सांगतं. पुढच्या आवृत्तीत हे वाक्य काढलंच पाहिजे, कारण त्याने निरोगी पिल्लं फेकली जातात.

दुसरं दुरुस्त करायला हवं ते ‘बागेतला कोणताही नाकतोडा या संचात वाढवता येतो’ हे. वाढवता येईल, पण पिढी पुढे जाईलच असं नाही. थंड आणि समशीतोष्ण प्रदेशांतल्या अनेक जातींची अंडी सुप्तावस्थेत जातात. काही महिने गारव्यात काढल्याशिवाय ती फुटत नाहीत, मग 30 अंशांत कितीही दिवस ठेवा. संचातल्या लोकस्टाला किंवा वाळवंटी टोळाला ही अडचण नाही आणि वर्षभर पिढ्या घेता येतात. म्हणूनच पाळण्यासाठी या दोन जातींचा वापर सर्वात जास्त होतो.

एका गोष्टीची सूचना खोक्यावर कुठेच नाही. टोळांची विष्ठा आणि कातींची धूळ यांची ॲलर्जी होते. शिंका, डोळ्यांना खाज आणि सतत संपर्क राहिला तर दमाही. तळ झाडताना मास्क आणि हातमोजे घालावेत, पिंजरा झोपायच्या खोलीत ठेवू नये. दम्याचा त्रास असलेल्याने हा संच घेऊच नये.

घ्यायचा असेल तर पिंजऱ्यासाठी आणि अंडीपुंजांसाठी घ्या. डबे आणि वाटी बाजूला ठेवा, चार खोल बरण्या, वाळू, काटक्या आणि एक वजनकाटा आधीच जमवून ठेवा. वापरलेली वाळू बाहेर ओतण्याआधी पुन्हा ओव्हनमध्ये 120 अंशांना तापवायची, कारण न फुटलेला एखादा पुंज तिच्यात राहिलेला असतोच. तळावरचा कोंडा-विष्ठेचा कचरा पिशवीत बांधून दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवायचा आणि मगच टाकायचा. टोळ ही पिकावरची कीड आहे. पाळायला परवानगी लागते का, हे आपल्या कृषी खात्याकडे पुंज मागवण्याआधी विचारावं, आणि नको झालेले प्रौढ कोणत्याही कारणाने बाहेर सोडू नयेत.